पाच नंबरचा प्लग

खोली पाहायला गेले त्या दिवशी काकाजींनी मला जात विचारली नाही, पगार विचारला नाही, लग्नाचंही विचारलं नाही. अंगणात उभ्या केलेल्या माझ्या स्कूटीकडे बोट करून त्यांनी विचारलं, ही सकाळी किती वेळात सुरू होते? मी म्हटलं, होते थोड्या वेळात. थोड्या म्हणजे किती, असं त्यांनी पुन्हा विचारलं. मला आकडा सांगता येईना. तेव्हा माझी ट्रंक ओसरीवर चढवायच्या आधी त्यांनी आतून पाना आणला, स्कूटीचा प्लग काढला, अंगठ्याच्या नखानं त्यावरची काजळी खरवडून हुंगली आणि म्हणाले, "डॉक्टरबाई, तुमी हिचा चोक बंदच करत नाई."

खरं होतं. चोक बंद करायचा असतो हेच मला ठाऊक नव्हतं.

मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. सडक अर्जुनीच्या पुढे हायवे सोडून तेरा-चौदा किलोमीटर आत एका गावात जनावरांचा सरकारी दवाखाना होता. तिथं डॉक्टर म्हणून माझी पहिली नेमणूक झाली होती. घर गोंदियाजवळ कुडव्याला. रोज जाऊन-येऊन नोकरी करणं पावसाळ्यात शक्यच नव्हतं, म्हणून काकाजींच्या घरामागची खोली घेतली. वर्षभर राहीन असं वाटलं होतं, राहिले पावणेचार वर्षं.

काकाजी पोवार शेतकरी. नाल्याच्या अलीकडे-पलीकडे मिळून धानाची बरी जमीन, बासष्ट-त्रेसष्ट वय, उंच आणि वाळलेले. अंगात बिनबाह्यांची बंडी आणि गुडघ्यापर्यंत खोचलेलं धोतर. त्या बंडीला त्यांनी काकूंकडून मुद्दाम तीन कप्प्यांचा खिसा शिवून घेतला होता. प्रत्येक कप्प्यात लुगड्याच्या चिंधीत गुंडाळलेला एक प्लग. एक नवा, एक वापरलेला पण खात्रीचा आणि एक उन्हाळ्यासाठी वेगळा. लग्नाकार्याला जाताना ते सदरा घालत, तेव्हा हे तीन प्लगही सदऱ्याच्या खिशात जात. काकूंशी ते पोवारीत बोलत, गावाशी झाडीबोलीत, गोंदियाच्या दुकानदाराशी हिंदीत. चिडले की मात्र कोणत्याच भाषेत बोलत नसत. नुसते समोरच्याकडे पाहत राहत आणि तो माणूस आपोआप उठून जाई.

चिडायला त्यांना एक शब्द पुरत असे. चालते. आमच्याकडे दिवसातून पन्नास वेळा जिभेवर येणारा हा शब्द त्या घरात बंद होता. एकदा ग्रामपंचायतीचा नवा सचिव चहाला आला होता. काकूंनी साखर किती घालू असं विचारलं, तर तो म्हणाला, कितीही चालते. काकाजी उठून आत गेले आणि दोन कप घेऊन बाहेर आले. एकात साखर अजिबात नव्हती, दुसऱ्यात पाच चमचे. दोन्ही त्याच्यासमोर ठेवून म्हणाले, प्या आणि सांगा कोणता चालते. बिचाऱ्यानं दोन्हींचा एकेक घोट घेतला आणि दीड चमचा, असं सांगितलं. मग काकाजींनी स्वतः त्याला दीड चमच्याचा चहा करून दिला आणि तासभर त्याच्याशी छान गप्पा मारल्या. तो सचिव पुढं बदलून जाईपर्यंत त्यांच्याकडे येत राहिला.

ओसरीच्या भिंतीवर एक फळी होती. तिला ओळीनं खिळे ठोकलेले आणि प्रत्येक खिळ्याला दोऱ्यानं एक जुना प्लग टांगलेला. प्रत्येकाखाली कागदाची चिठ्ठी. गावातल्या सगळ्या मोटरसायकली आणि स्कूटर कधी ना कधी त्या अंगणात येऊन गेलेल्या होत्या आणि त्यांचे मालक त्या फळीवर होते. शाळेचे मास्तर: चढावर गिअर बदलत नाहीत. पोस्टमन: फिल्टर कधी धुतला नाही. पोलीस पाटील: तेलात भेसळ. पोलीस पाटलानं ती चिठ्ठी काढायला दोनदा माणूस पाठवला, पण काकाजींचं म्हणणं, तेल बदला, चिठ्ठीही बदलेन. शेवटी त्यानं तेलच बदललं. मी राहायला आले त्याच्या दुसऱ्या दिवशी माझाही प्लग तिथं टांगला गेला. चिठ्ठी लावण्याआधी त्यांनी मला वाचून दाखवली, एवढी सवलत मिळाली.

पण या सगळ्या गाड्या किरकोळ. त्यांचा खरा जीव होता तो केकड्यावर.

केकडा म्हणजे चार जाड फुगीर चाकांची मोटरसायकल. पुढं हँडल, खाली इंजिन, दोन माणसं बसतील एवढी सीट, चिखलात-वाळूत कुठंही जाणारी. जंगलाच्या बाजूला एक रिसॉर्ट निघालं होतं. त्यांनी पाहुण्यांना फिरवायला ती आणली, दोन हंगाम वापरली आणि सुरू होईना म्हणून स्वयंपाकघरामागं टाकून दिली. त्याच रिसॉर्टवाल्याला दारात शोभेला ठेवायला जुनी दमणी हवी होती, ती हलकी, माणसं बसायची बैलगाडी. काकाजींकडे त्यांच्या वडलांच्या लग्नातली दमणी पडून होती. काकाजींनी दमणी दिली आणि बंद पडलेली गाडी घेऊन आले. काकू त्यांच्याशी अकरा दिवस बोलल्या नाहीत. सासरी पहिल्यांदा त्या त्याच दमणीतून आल्या होत्या. बाराव्या दिवशी काकाजींनी काकूंना मागं बसवून बांध्यांतून, म्हणजे धानाच्या खाचरांतून, नाल्यापलीकडच्या शेतापर्यंत नेलं. एरवी पावसाळ्यात त्यांना ते शेत चार महिने दिसत नसे. परत आल्यावर काकूंनी गाडीला हळदकुंकू लावलं आणि विषय संपला. केकडा, म्हणजे खेकडा, हे नाव टोल्यावरच्या पोरांनी ठेवलं. टोला म्हणजे नाल्यापलीकडची वीस-बावीस घरांची वस्ती.

त्या अकरा दिवसांत गाडी सुरू झाली ती प्लग बदलून. पण सुरू होणं आणि कामाला येणं यांत एक अख्खा पावसाळा गेला. तो पावसाळा मी जवळून पाहिला.

रिसॉर्टवाले दर वेळी जुन्या प्लगच्या चुडीत बसेल तो नवा प्लग आणून लावत होते. चुडी म्हणजे प्लगचे आटे. काकाजींचं म्हणणं असं, की चुडी जुळली म्हणजे सोयरीक जुळली असं नाही. आधी लांबी पाहायची. आखूड प्लग इंजिनात पुरता पोचत नाही आणि मोकळ्या आट्यांत काजळी साठते. लांब प्लग आत जाऊन आदळतो. त्यांनी खराट्याची एक काडी बरोबर लांबीची कापून ठेवली होती आणि दुकानातला प्रत्येक प्लग ते त्या काडीला लावून पाहत. टोकांमधली फट हॅक्सॉच्या जुन्या पात्यानं मोजत. पातं घासत पण न अडकता जाईल एवढी.

आणि मग प्लगचा स्वभाव. हे मला त्यांनीच शिकवलं. प्लगच्या आत पांढऱ्या चिनी मातीचं एक नाक असतं. ते लांब असेल तर उष्णता धरून ठेवतं आणि वर बसलेली काजळी जाळून टाकतं. तो गरम प्लग. नाक आखूड असेल तर उष्णता लवकर निघून जाते. तो थंड. जोरात पळणाऱ्या गाडीला थंड प्लग लागतो, नाहीतर इंजिन तापून बसेल. रांगत काम करणाऱ्या गाडीला गरम लागतो, नाहीतर काजळीखाली ठिणगी विझते. तरुणपणी त्यांच्याकडे रॉकेलवर चालणारा पाण्याचा पंप होता. त्यानं रोज प्लग काळा करून करून त्यांना हे ज्ञान दिलं होतं.

केकड्याच्या पुस्तकात सहा नंबरचा प्लग सांगितला होता. काकाजींनी सहा लावला. कालव्याच्या मोकळ्या रस्त्यावर गाडी सुरेख पळाली. चिखलणीच्या बांधीत घातली की अर्ध्या तासात फटफट करून बंद. तेव्हा ते भर बांधीत, इंजिन अजून गरम असताना, छत्री धरून प्लग काढून पाहत. घरी आणून पाहिलं तर उपयोग नाही, म्हणायचे, कारण येता येता रस्त्यानं प्लगचा रंग बदलतो. ज्या कामात बंद पडली त्याच कामात काढून पाहायचं. रोवणीला आलेल्या बाया कंबर सरळ करून हा प्रकार बघत उभ्या राहत. म्हातारा येडा झाला असं त्यांचं मत होतं आणि त्या ते त्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं बोलत.

मग त्यांनी चार नंबर आणला. आमच्याकडे मिळणाऱ्या त्या कंपनीत आकडा जितका लहान तितका प्लग गरम. चिखलात गाडी थांबेना, पण कालव्यावर दोन किलोमीटर जोरात नेली तर टोक पांढरं पडून त्यावर पुरळासारखे दाणे उठले. असं आणखी चाललं तर इंजिन जाईल, म्हणून तोही काढला. शेवटी पाच. पाच नंबर लावून ते सकाळी गेले ते दुपारी परत आले. मी दवाखान्यातून जेवायला आले होते. त्यांनी चिंधीतला प्लग माझ्या हातावर ठेवला. टोक भाजलेल्या पोह्याच्या रंगाचं होतं, कोरडं, स्वच्छ.

"बाई, तुमी जनावराची जीभ पाहून सांगता ना का बिमार आहे का नाई," ते म्हणाले. "पाहा अना सांगा."

मी म्हटलं, ठीक आहे. ते म्हणाले, ठीक नाही, बरोबर आहे.

त्यानंतर केकडा माझ्याही कामाचा झाला. पावसाळ्यात टोल्यावर जायचं तर बांध्यांच्या धुऱ्यांवरून, म्हणजे बांधांवरून, घसरत चार किलोमीटर चालावं लागे. काकाजी मला मागं बसवून नेऊ लागले. पुढं त्यांनी मला चालवायला शिकवलं, प्लग काढायला, पुसायला, फट मोजायला शिकवलं. दुसऱ्या वर्षी मी एकटी जाऊ लागले. अडलेली गाय, फुगलेला बैल, ज्या घरी पूर्वी दुसऱ्या दिवशी पोचायचे तिथं अर्ध्या तासात पोचू लागले. टोल्यावरचे लोक माझी वाट पाहत, आणि खरं सांगायचं तर मला त्याची चांगलीच मिजास चढली होती.

तिसऱ्या पावसाळ्यातली गोष्ट. काकाजी शनिवारी तिरोड्याकडे एका नातेवाइकाच्या तेरवीला गेले. मंगळवारी परतायचे होते. जाताना एवढंच म्हणाले, की केकड्याचा प्लग म्हातारा झालाय, आल्यावर बदलू. रविवारी मी कुडव्याला घरी गेले होते. मनात आलं, आपणच नवा घेऊन जाऊ, काकाजींना बरं वाटेल. सोमवारी सकाळी निघताना गोंदियाच्या बाजारात गेले. काकाजींचं नेहमीचं दुकान बंद होतं. दुसऱ्या दुकानात पाच नंबर मागितला. दुकानदारानं सांगितलं, त्या कंपनीचा माल संपलाय, दुसऱ्या कंपनीचा पाच नंबर आहे, त्याहून भारी, परदेशी, देऊ का? मी जुना प्लग दाखवायला नेला नव्हता. काडीही नेली नव्हती. चुडी नजरेनंच पाहिली, जुळणारी वाटली, आणि म्हटलं, चालते.

संध्याकाळी अंगणात बसून मी स्वतः तो लावला. सोमवार आमच्या गावचा बाजाराचा दिवस, बाजार करून परतणारी माणसं अंगणातून ये-जा करत होती, काकूंशी बोलत थांबत होती. मी पाना फिरवला, बटण दाबलं आणि केकडा पहिल्याच दमात गुरगुरला. मी काकूंकडे पाहून हसले.

मंगळवारी सकाळी सातला टोल्यावरून निरोप आला. देवकाबाईच्या म्हशीचा गळा सुजलाय, घशातून घरघर येऊन राहिली, शेजाऱ्याची एक म्हैसही चारा खात नाही. ऐकताच मी ओळखलं. घटसर्प. पावसाळ्यात म्हशींना होणारा हा रोग सकाळी सुजलेलं जनावर संध्याकाळपर्यंत ठेवत नाही. त्यावरची लस मी जूनच्या सुरुवातीला गावात दिली होती. टोला शेवटी ठेवला आणि मग पावसानं झोड उठवली, लस राहिली. हा क्रम मीच ठरवला होता.

इंजेक्शनं घेतली, निरोगी जनावरांसाठी लशीचा बर्फाचा डबा दवाखान्यातल्या परिचराच्या मांडीवर दिला आणि आम्ही दोघं केकड्यावरून निघालो. पांदणीचा रस्ता भुर्रकन संपला. मग बांध्या लागल्या. मी गाडी सगळ्यात खालच्या गिअरमध्ये रांगवत नेत होते. दुसऱ्या बांधीत तिनं एक ठोका चुकवला. चौथ्या बांधीत धूर सोडला. नाल्याच्या अलीकडच्या बांधीत, गुडघाभर चिखलात, ती बंद पडली आणि पुन्हा सुरू झाली नाही. बटण दाबून दाबून बॅटरीही बसली. पाना घरी राहिला होता. जुना, म्हातारा पण खात्रीचा प्लग काकूंच्या चुलीशेजारी कोनाड्यात होता.

आम्ही डबा डोक्यावर घेऊन चालत निघालो. नाल्याला पाणी होतं, वरच्या अंगाला लांब जाऊन उतार शोधावा लागला. एरवी जे अंतर पंधरा मिनिटांचं होतं त्याला पावणेदोन तास लागले. पोचले तेव्हा देवकाबाई अंगणात मेलेल्या म्हशीच्या डोक्याशी बसली होती. डोळे उघडे, जीभ बाहेर, पोट अजून कोमट. मी शेजारच्या म्हशीला शिरेत इंजेक्शन दिलं, ताप मोजला, पुन्हा दिलं. ती वाचली. संध्याकाळपर्यंत थांबून बाकीच्या सगळ्या जनावरांना लस दिली. लवकर पोचले असते तर देवकाबाईची म्हैस वाचली असती का, हे मी आजही छातीठोक सांगू शकत नाही. घटसर्पात गळा सुजल्यावर फार थोडी जनावरं वाचतात. पण पावणेदोन तास मोठे असतात.

देवकाबाई विधवा होती. एक एकराची धानाची बांधी आणि ती म्हैस, एवढ्यावर तिचं घर चालत होतं. म्हैस नऊ दिवसांनी विणार होती. 

दुपारी काकाजी बसमधून उतरले आणि निरोप ऐकून थेट बांधीत गेले. परतले ते तो प्लग घेऊन. काळाकुट्ट, ओलसर काजळीनं माखलेला. अंधार पडल्यावर मी टोल्यावरून परतले तेव्हा ओसरीत बसून ते तो फिरवून पाहत होते. मग विचारलं, कोणी लावला? मी म्हटलं, मी. पाचच आहे ना, असंही मी विचारलं. तेव्हा त्यांनी समजावून सांगितलं. आमच्या कंपनीत आकडा वाढला की प्लग थंड होतो. या कंपनीत उलटं, आकडा वाढला की गरम. म्हणजे यांचा पाच हा आमच्या आठच्या जवळचा, तीन पायऱ्या थंड. हायवेवर तासभर पळवायला उत्तम, चिखलात रांगायला विष. मी मान खाली घालून ऐकत होते. दुकानात मी काय म्हटलं तेही सांगितलं. त्यांनी तो शब्द ऐकला आणि मला वाटलं आता ते माझ्याकडे नुसते पाहत बसतील. पण ते उठले आणि काकूंना म्हणाले, बाईला जेवायला वाढ.

तीन दिवसांनी टोल्यावरच्या समाजमंदिरात लोक जमले. मला बोलावणं होतं. काकाजी न बोलावता आले. देवकाबाईचा दीर उभा राहून बोलत होता. त्याचं म्हणणं, गावाला लस मिळते, टोल्याला नाही. निरोप सातला गेला, डॉक्टर दहाला आली. ती फटफटी घेऊन मिरवायचं होतं तर मधी बंद का पडली? पायी निघाली असती तर आधी पोचली असती. वर अर्ज करायचा. माणसं माना हलवत होती. त्यातलं बरंचसं खरं होतं. लशीबद्दल मी उठून चूक कबूल केली, टोला शेवटी ठेवला हा माझा निर्णय होता असं सांगितलं. मग गाडीचं सांगायला तोंड उघडलं, तोच मागून काकाजी बोलले.

"गाडी माही. प्लग मी लावला होता. चुकीचा लावला."

 ज्या माणसानं अख्ख्या तालुक्याच्या चुका खिळ्याला टांगल्या होत्या, तो उभा राहून हे बोलला होता. दीर त्यांच्याकडे पाहत राहिला आणि हळूच खाली बसला. काकाजींनी पुढं एवढंच सांगितलं, की विण्याच्या बेताला आलेली त्यांची स्वतःची म्हैस उद्या देवकाबाईच्या दावणीला बांधली जाईल. देवकाबाई भिंतीला टेकून बसली होती. ती काकाजींकडे पाहत नव्हती, माझ्याकडे पाहत होती. मी गप्प राहिले.

मला त्या वेळी बरं वाटलं होतं, हे लिहायला सोपं नाही. सुटका झाल्यासारखं वाटलं. लाज नंतर आली, परतीच्या वाटेवर. मी त्यांना विचारलं, काऊन बोललात असं? ते पुढं चालत होते. थांबले नाहीत.

"उद्या तुमाले त्याईच्या घरी जाऊन जनावराले हात लावाचा आहे," ते म्हणाले. "तुमच्यावर भरोसा नसन तं कोनी दावं धरनार नाई. माह्यावर भरोसा नसला तं का होते? प्लग दुसरीकडं दाखवतीन."

तसंच झालं. शाळेचे मास्तर मोटरसायकल घेऊन सडक अर्जुनीच्या मेकॅनिककडे जाऊ लागले. धानगिरणीवर लोक काकाजींना ऐकू जाईल असं बोलत, आता म्हाताऱ्याचा डोळा चुकून राहिला. पोलीस पाटलानं एकदा ओसरीत येऊन, कोणाला न विचारता, फळीवरचा आपला प्लग काढून नेला. काकाजी खाटेवर बसून पाहत होते.  चार महिने त्या अंगणात केकडा आणि माझी स्कूटी सोडून एकही गाडी आली नाही. संध्याकाळी ते दोन्हींचे प्लग काढून पुसत, फट मोजत आणि परत लावत. गरज नसतानाही. मी एक-दोनदा म्हटलं, मी लोकांना खरं सांगते. त्यांनी पाहिलं, त्यांच्या त्या पाहण्यानं मी आत निघून गेले.

हिवाळ्यात पोस्टमनची गाडी कोणाच्यानं सुरू होईना, मेकॅनिकनं इंजिन खोलावं लागेल म्हटलं, तेव्हा तो हळूच आला. काकाजींनी खिशातल्या पहिल्या कप्प्यातला प्लग लावून ती चालू करून दिली. नवी चिठ्ठी लिहिली नाही. मग एकेक करून लोक येऊ लागले. पोलीस पाटील शेवटी आला.

पुढच्या वर्षी मेच्या अखेरीस, एक ढग दिसायच्या आत, मी सगळ्यात आधी टोल्यावर लस घेऊन गेले. बदलीचा आदेश आला होता. जूनमध्ये मी तिथून जाणार होते. आता हे मनात घेऊन जायचं नाही असं ठरवलं होतं. देवकाबाईच्या अंगणात काकाजींनी दिलेली म्हैस आणि तिची पारडी बांधलेली होती. मी सिरिंज भरता भरता तिला सांगितलं, त्या दिवशी गाडीचा प्लग काकाजींनी नव्हता लावला, मी लावला होता. त्यांनी माझ्यासाठी खोटं सांगितलं आणि मी ऐकून घेतलं.

देवकाबाईनं पारडीच्या पाठीवरून हात फिरवला.

"मले माईत आहे ना जी," ती म्हणाली. "सोमवारच्या बाजारातून येता येता मीच तुमच्या अंगनात पानी पेली. तुमी पाना घेऊन बसल्या होत्या. काकाजी तवा तिरोड्याकडं होते. बाजाराले गेलेल्या समद्या टोल्यानं पायलं."

 मी विचारलं, मग त्या दिवशी कोणी बोललं का नाही? तिचा दीर तर तावातावानं बोलत होता, तोही खाली बसला.

"कायले बोलाव? त्या मानसानं जनमभर समद्याईच्या चुका काढल्या. एकदा आपली चूक आहे मनते, अना तेबी नाई केलेली. आमी मनलं, मनू द्या त्याले." तिनं पारडीला बाजूला सारलं. "माहा राग तुमच्यावर होता. लय दिवस होता. मंग तुमी दर आठ दिवसांनं या म्हशीले पाहाले येत राहिल्या, तं किती दिवस ठेवाव."

तिनं म्हशीचं दावं आखडून माझ्या बाजूला धरलं.

"टोचा आता. लस गरम होऊन राहिली."